मदत हवी आहे: गेटजवळचं ड्रेनेज चेंबर भरून वाहतंय (कोपरखैरणे). काम सोसायटीचं की पालिकेचं?

तिसरा_मजला:
तळमजला अधिक चार अशी जुनी सोसायटी आहे. गेटच्या आत आमचं शेवटचं चेंबर, तिथून साधारण सहा मीटरवर रस्त्यात मॅनहोल. सकाळी पाणी सुटलं की आतलं चेंबर भरून गेटबाहेर वाहतं, दुपारी ओसरतं. प्लंबर म्हणतो रस्त्याची लाइन चोकअप आहे. कमिटीतले काहीजण म्हणतात पाइप आपला, खर्चही आपला. तक्रारीआधी काय तपासायचं? आणि अर्ज सिडकोत द्यायचा की विभाग कार्यालयात?

गाळ_काढा:
कोपरखैरणे विभाग कार्यालयात, मलनिःसारणाच्या अभियंत्याच्या नावे. सिडकोने नवी मुंबईचे नोड (कोपरखैरणेसारखी उपनगरं) वसवले, पण 1992 साली नवी मुंबई महानगरपालिका झाली आणि तुमच्याकडची ड्रेनेज लाइन आता तिच्याकडे आहे. सिडकोत अर्ज दिलात तर तो फिरत बसेल.

अर्जाच्या आधी झाकणं उघडा. सकाळी सात-साडेसातला, वापर जोरात असताना, तीन ठिकाणी एकाच वेळी बघायचं: आतलं शेवटचं चेंबर, समोरचं मॅनहोल आणि त्याच्या पुढचं मॅनहोल. पुढचं कुठलं, हे रस्त्याच्या उतारावरून ठरवू नका, कोपरखैरण्यात जमीन सपाटच आहे. मॅनहोलच्या तळाला अर्धगोल नाळ असते, पाणी तिच्यातून ज्या दिशेला जातं ती पुढची बाजू. भरलेलं असेल तर तळ दिसणार नाही, म्हणून दिशा दुपारीच बघून ठेवा.

आतलं भरलेलं आणि समोरचं मॅनहोल नेहमीसारखं वाहतंय, तर अडथळा मधल्या सहा मीटरच्या जोडणीत आहे. समोरचंही तोंडापर्यंत भरलेलं आणि पुढचं जवळजवळ कोरडं, तर चोक दोन मॅनहोलच्या मधे, मुख्य लाइनमध्ये. ते काम पालिकेचं. तिन्ही भरलेली असतील तर चोक आणखी पुढे आहे आणि शेजारच्या सोसायट्यांनाही त्रास होत असणार, अर्ज मिळूनच द्या.

कमिटी_मेंबर:
दुपारी ओसरतं म्हणजे पूर्ण चोक नाही. पाणी जातंय, पण बारीक वाटेने. बहुतेक वेळा तेलकट थर, त्यात अडकलेले सॅनिटरी पॅड, नाहीतर सांध्यातून शिरलेली झाडाची मुळं. मुळं असतील तर बांबूच्या कामट्या घालून तात्पुरती वाट होते आणि पुन्हा तेच. जोरदार दाबाने पाणी मारून लाइन साफ करणारं जेटिंग मशीनच लागतं.

अजून एक शक्यता म्हणजे पाइपचा उतार बसलेला असणं. सहा इंची पाइपला ढोबळ नियम साठास एक, म्हणजे सहा मीटरला दहा सेंटिमीटर. गवंड्याची पाण्याची नळी लावून दोन्ही टोकांच्या तळाची खोली मोजा. फरक तीन-चार सेंटिमीटरच निघाला तर कितीही साफ करा, गाळ साचणारच. पाइप बदलावा लागेल, आणि तो रस्त्याखाली असल्यामुळे खोदाईची परवानगी लागेल. पावसाळ्यात खोदाई सहसा बंद असते, हे धरून वेळ ठरवा.

तिसरा_मजला:
प्लंबर रंग टाकून बघू म्हणतोय. आणि त्याचा माणूस आत उतरून साफ करायला तयार आहे.

गाळ_काढा:
रंग आत्ता नको. तुंबलेल्या लाइनमध्ये रंग पसरून बसतो, काहीच कळत नाही. साफसफाई झाल्यावर, आपलं पाणी कुठे निघतं हे बघायला तो कामाचा. तेव्हाही नीळ नको, काळ्या पाण्यात दिसत नाही. लाल खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात कालवून ओता.

माणूस मात्र अजिबात उतरवू नका. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने हे बेकायदा आहे, काम देणाऱ्यावरही गुन्हा होतो. गटारात मृत्यू झाला तर 30 लाख भरपाई, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा आदेश आहे. आतल्या वायूचा वास सुरुवातीला येतो, मग नाकच बधिर होतं; वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. प्लंबरला साफ सांगा, मशीन मागवणार.

खाडीकडचा:
अर्ज "ड्रेनेजचा त्रास होतो" असा लिहू नका, त्यावर येणारा माणूस फक्त तुमचं आतलं चेंबर बघून जातो. असा लिहा: "सेक्टर __, प्लॉट __ च्या गेटसमोरील मॅनहोल दि. __ रोजी सकाळी 7.30 वाजता तोंडापर्यंत भरलेले होते, पुढील मॅनहोल कोरडे होते. दोहोंमधील मुख्य मलवाहिनी जेटिंग मशीनने साफ करावी." तिन्ही झाकणांचे फोटो जोडा, आजूबाजूची खूण दिसेल असे. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन तक्रारही टाका, पण काम न होता ती बंद झालेली दिसली तर त्याच दिवशी नवा फोटो टाकून पुन्हा उघडा.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "काम का झालं नाही" असं विचारू नका, ती माहिती नव्हे. आवक क्रमांक अमुकवरची कार्यवाही नोंद आणि त्या गल्लीच्या मलवाहिनीचा नकाशा, यांच्या प्रती मागा. मुदत 30 दिवस.

तिसरा_मजला:
आज बघितलं. समोरचं भरलेलं, पुढचं कोरडं. अर्ज देतो. एक राहिलं, पावसात हेच चेंबर दिवसभर वाहतं, तेही याच चोकमुळे?

कमिटी_मेंबर:
चोक आहेच, पण गच्चीचे पाइप बघा. जुन्या इमारतींत गच्चीवरचं पाणी बऱ्याचदा ड्रेनेज चेंबरमध्येच सोडलेलं असतं. ते पावसाळी गटारात जायला हवं, आणि हा बदल सोसायटीनेच करायचा. प्रत्येक पाइप खालपर्यंत हाताने मागोवा घेत जा. पेव्हर ब्लॉकखाली गडप होत असेल तिथले चार ब्लॉक काढा, चेंबरही बहुधा तिथेच पुरलेलं सापडेल.

खाडीकडचा:
आणि रस्त्याकडेच्या जाळीतून पाणी उलटं वर येत असेल तर ते प्रकरण वेगळं. भरतीच्या वेळी धारण तलावांची (पावसाचं पाणी खाडीत सोडण्याआधी साठवणारे तलाव) खाडीकडची झडपं बंद असतात, पावसाळी गटाराला तेवढा वेळ वाट नसते. भरतीची वेळ आणि पाणी चढल्याची वेळ सोबत लिहून ठेवा. जुळली तर जेटिंगचा उपयोग नाही, अर्ज पावसाळी गटारासाठी वेगळा द्या.