मदत हवी आहे: वेग कमी करताना गिअर खाली घ्यावा की ब्रेकवरच भिस्त ठेवावी?

नमस्कार. मी धायरीत राहते आणि पाच गिअरची छोटी पेट्रोल हॅचबॅक चालवते. रोजचा रस्ता नवले पुलावरून बाह्यवळण मार्गाने बाणेरपर्यंतचा आहे. सुटीच्या दिवशी बहुतेक वेळा कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे जाणे होते. गाडीचा वेग कमी कसा करावा याबद्दल माझ्यापुढे दोन परस्परविरोधी सल्ले आहेत. दोन्ही देणारी माणसे अनुभवी असल्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मामा एसटीत चालक होते आणि स्वारगेट-महाबळेश्वर मार्गावर त्यांनी नोकरीची बरीच वर्षे काढली. त्यांचे म्हणणे असे की गाडी नेहमी गिअरवर धरायची, सिग्नल दिसला की पाचवरून चार, चारवरून तीन, तीनवरून दोन असे उतरत यायचे, आणि ब्रेकला हात लावायचा तो अगदी शेवटी. याउलट मी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले तेथील शिक्षक सांगत की गाडी थांबवण्यासाठी कंपनीने ब्रेक दिलेला आहे, गिअर नव्हे. ब्रेकचे पॅड झिजले तर थोडक्यात बदलून मिळतात, पण गिअरने गाडी ओढून ओढून क्लचप्लेट गेली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. मामा शेजारी बसलेले असताना मी पाचव्या गिअरमध्येच ब्रेक दाबला की ते अस्वस्थ होतात. इतकी वर्षे प्रवाशांना सुखरूप पोहोचवलेल्या माणसाची अस्वस्थता मला उडवून लावता येत नाही.

माझे नेमके प्रश्न असे आहेत. सपाट रस्त्यावर, उदाहरणार्थ सिंहगड रस्त्यावर किंवा कर्वे रस्त्यावर, पुढचा सिग्नल लाल दिसत असताना मध्यल्या प्रत्येक गिअरमधून खाली येणे खरोखर आवश्यक आहे का? बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत जो लांब उतार लागतो, तेथे कोणत्या गिअरमध्ये असावे? गिअर खाली घेऊन क्लच सोडला की गाडीला एक धक्का बसतो, मागे बसलेल्यांच्या माना पुढे जातात आणि टॅकोमीटरचा (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा) काटा झटकन वर चढतो. हे टाळण्याची योग्य पद्धत कोणती? आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर पेट्रोल वाचते असे कार्यालयातले अनेक सहकारी खात्रीने सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे?

दिवाळीनंतर आई, मामा आणि मामी यांना घेऊन पाचगणीला जायचे ठरले आहे आणि गाडी मीच चालवणार आहे. परत येताना पसरणी घाट उतरायचा आहे. त्यामुळे केवळ "असे करा" एवढे न सांगता त्यामागचे कारणही कोणी समजावून दिले तर मी आभारी राहीन.

प्रतिसाद १

सर्वांत आधी न्यूट्रलबद्दल, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. कृपया उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका आणि इंजिन तर कधीच बंद करू नका. आपण ज्या उताराचा उल्लेख केला आहे, तेथेच २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली होती. त्या उतारावर अशा वाहनांचे अपघात त्याआधीही झाले आणि नंतरही होत राहिले. भरलेले वाहन न्यूट्रलमध्ये सोडले की त्याला रोखण्याचे सगळे काम एकट्या ब्रेकवर येते.

छोट्या गाडीतही इंजिन बंद केल्याचा परिणाम गंभीर असतो. ब्रेकच्या पेडलला जी ताकद मिळते ती बूस्टरमधल्या निर्वात पोकळीमुळे, आणि ती पोकळी चालू इंजिन निर्माण करते. इंजिन बंद झाले की पेडल दोन-तीनदा दाबेपर्यंत साठलेली मदत पुरते. त्यानंतर ते दगडासारखे कडक होते. पॉवर स्टीअरिंगही जड होते, आणि किल्ली काढून घेतली गेली तर ते कुलूपबंद होऊ शकते.

पेट्रोल वाचण्याची समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती निराधारही नव्हती. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत आपण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो, चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि त्या वेळी पेट्रोल जळतच नाही. फेरे बरेच खाली आले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, म्हणजे तेथे पेट्रोल खर्च होते. आपल्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा.

प्रतिसाद २

ताई, तुमचे मामा आणि तुमचे शिक्षक हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या परिस्थितींबद्दल बोलत आहेत. सपाट रस्त्यावर थांबायचे असेल तर ब्रेक, आणि लांब उतारावर वेग आवरून धरायचा असेल तर गिअर.

मामांची सवय कोठून आली हे आधी पाहू. बारा-पंधरा टनांची बस घाट उतरते तेव्हा तिचे ड्रम (चाकातले ब्रेकचे डबे) नुसत्या ब्रेकवर तापून निकामी होतील, म्हणून तेथे गिअर हाच मुख्य आधार असतो आणि ब्रेक पूरक. त्या काळच्या छोट्या गाड्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि ड्रममधली उष्णता डिस्कइतक्या सहज बाहेर पडत नाही. अशा वाहनांवर हात बसलेला चालक सिग्नललाही गिअरनेच उतरत येणार, हे स्वाभाविक आहे. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आहेत, आणि एप्रिल २०१९ नंतर विकलेली असेल तर एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असणारच, कारण तेव्हापासून नव्या प्रवासी गाड्यांना ते सक्तीचे झाले.

म्हणून सिग्नलसाठी पद्धत साधी ठेवा. ॲक्सिलरेटरवरचा पाय लवकर काढा, ज्या गिअरमध्ये आहात त्यातच राहून ब्रेक हळूहळू वाढवत न्या, आणि फेरे आयडलिंगच्या (गाडी उभी असताना इंजिन ज्या किमान फेऱ्यांवर चालते त्याच्या) जवळ येऊन इंजिन थरथरण्याच्या बेतात आले की क्लच दाबा. मध्यला प्रत्येक गिअर घेण्याची गरज नाही. वेग कमी होत असतानाच सिग्नल हिरवा झाला तर त्या वेगाला जो गिअर हवा तोच थेट टाका. पाचवरून दोनवर जायलाही हरकत नाही, मात्र वेग आधी ब्रेकने तेवढा उतरलेला असला पाहिजे. वेग जास्त असताना चुकून चारऐवजी दोन पडला आणि क्लच सोडला, तर चाके इंजिनाला मर्यादेच्या पलीकडे फिरवतात, आणि अशा वेळी रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी सोय) काहीच करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्यापर्यंत नुकसान जाऊ शकते.

क्लच पूर्ण दाबून लांबून घरंगळत येण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. आपल्याकडे नवशिक्यांना "आधी क्लच, मग ब्रेक" असे शिकवले जाते, ते गाडी बंद पडू नये म्हणून. त्यामुळे इंजिनाचा जो थोडाफार फुकटचा अडसर मिळत असतो तो सुटतो. अचानक थांबावे लागले तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. क्लचचा विचार नंतर, आणि गिअरचा तर अजिबात नाही.

आता घाट. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर आहे आणि वाई सुमारे ७२० मीटरवर, म्हणजे पसरणी घाट तुम्हाला साडेपाचशे मीटरहून अधिक खाली आणतो. चार माणसांसह गाडीचे वजन १,२०० किलो धरले तर या उतरणीत जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, ती ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबण्याच्या सुमारे ४० वेळांइतकी भरते. काही भाग हवा आणि टायर घेतात हे खरे, परंतु घाटात वेगच कमी असल्यामुळे हवेचा वाटा लहान असतो. उरलेली सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये, तीही मध्ये थंड व्हायला वेळ न देता, भरली तर पॅडची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. घाट उतरून आलेल्या काही गाड्यांच्या चाकांजवळ जो जळका, उग्र वास येतो, तो याच प्रकाराची पहिली सूचना असते.

गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल मिटतो आणि पिस्टनना जवळजवळ बंद तोंडातून हवा ओढावी लागते. त्या ओढाताणीत आणि आतल्या घर्षणात गाडीची ऊर्जा जिरते, आणि ती उष्णता रेडिएटर व सायलेन्सरमार्गे बाहेर जाते. फेरे जितके जास्त तितका हा अडसर मोठा, म्हणूनच खालचा गिअर घ्यायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा तुमच्या गाडीलाही लागू आहे. पसरणीच्या वळणांना दुसरा, मधल्या सरळ तुकड्यांना तिसरा.

नवले पुलाच्या उतारावर वाहतूक जलद असते, त्यामुळे तेथे बोगद्यातून बाहेर पडतानाच ॲक्सिलरेटर सोडून चौथा, आणि गर्दी दिसली की तिसरा, एवढे पुरते. डावी मार्गिका शक्यतो अवजड वाहनांना मोकळी सोडा आणि त्यांच्या थेट पुढे रेंगाळू नका.

धक्क्याचे कारण असे की ताशी ४० वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांवर असते आणि त्याच वेगाला दुसऱ्यात ते तीन हजारांच्या आसपास असायला हवे. तुम्ही क्लच दाबता तेव्हा फेरे उलट खाली येतात, आणि क्लच सोडताच चाके त्यांना ओढून वर नेतात. ही ओढ क्लचप्लेट घासून पूर्ण होते. तुमचे शिक्षक जे म्हणत होते ते हेच. त्यावर उपाय म्हणजे क्लच दाबलेला असताना, गिअर दोनमध्ये गेल्यावर, उजव्या पायाने किंचित रेस द्यायची आणि काटा वर येताच क्लच अलगद सोडायचा. नीट जमले तर मागे बसलेल्यांना गिअर बदलल्याचे केवळ आवाजावरून कळेल. मामांना विचारून पाहा. जुन्या बसमध्ये डबल क्लच (एक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणे) करताना ते हेच करत असणार, आणि शेजारी बसून शिकवायला त्यांच्याइतका योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही.

प्रतिसाद ३

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. एक भर घालतो. गिअरने वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. पुण्यात आपल्या मागच्या बंपरला जवळजवळ चिकटून दुचाकी येत असतात, त्यांना तुमचा वेग उतरत असल्याचे कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून गिअर खाली घेण्याआधी ब्रेकचे पेडल नुसते स्पर्शाइतके दाबून दिवे दाखवावेत.

पावसाळ्यात ताम्हिणीसारख्या ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर क्लच झटक्याने सोडू नये. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते, म्हणजे इंजिनाचा अडसरही त्याच चाकांवर येतो आणि स्टीअरिंगही तीच चाके करतात. वळणावर ती घसरली तर गाडी वळण न घेता सरळ जाते. घसरण क्लचमुळे झालेली असेल तर एबीएस तेथे मदतीला येत नाही, कारण तो ब्रेकचा दाब सोडतो, क्लच नव्हे. गिअर नेहमी वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना बदलावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मामांना हा धागा वाचून दाखवला. ४० वेळा थांबण्याचा हिशोब त्यांना फार पटला, आणि सिग्नलला गिअर न मोजता ब्रेक दाबायला त्यांनी, थोडा विचार करून, संमती दिली आहे. दोन शंका उरल्या आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिनाचा आवाज बराच मोठा होतो, त्याने इंजिनाला इजा होते का? आणि दुसऱ्या गिअरमध्येही वेग वाढू लागला तर ब्रेक सतत हलका दाबून ठेवावा की कसे?

प्रतिसाद २ (पुढे)

आवाजाची काळजी करू नका. साडेतीन हजार फेऱ्यांना तुमचे इंजिन लाल पट्ट्यापासून बरेच दूर असते, तेलाचा पंप त्याच वेगाने फिरत असल्यामुळे वंगण पुरेसे असते, आणि इंधन जळत नसल्यामुळे चढावर जेवढा ताण येतो त्याच्या काही अंशही येथे येत नाही.

ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका, कारण त्यात डिस्कला थंड व्हायला क्षणही मिळत नाही. वेग ३० वरून ४० कडे गेला की ठामपणे दाबून पुन्हा ३० वर आणा आणि पाय पूर्ण उचला. पेडल मऊ लागू लागले किंवा वास आला तर रुंद जागा पाहून थांबा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये पुढच्या पॅडची जाडी बघायला सांगा आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते तपासा. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते: डॉट ४ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षे उलटून गेली असतील तर पाचगणीला जाण्याआधीच बदलून घ्या, आणि बदलल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा पूर्ण काढली आहे ना, हे पेडल दाबून स्वतः पाहा.