सेलवरचा थर खरवडू नका
एकाने विचारलंय की मिठाच्या स्विमिंग पूलचा क्लोरीन बनवणारा सेल महिन्यातच पांढरा पडतो, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर चालेल का? अजिबात नको, दादा! आतल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर रुथेनियमसारख्या धातूचा अगदी पातळ लेप असतो. तो गेला की सेल गेला, आणि नव्याची किंमत ऐकून आपलेच डोळे पांढरे होतात.

मी यावलकडे मळ्यातला एक छोटा पूल बघतो. बोअरचं पाणी, म्हणजे क्षार आलेच. केळीवाले ठिबकच्या नळ्यांना ॲसिड देतात ना, तसाच प्रकार. आधी मेन स्विच बंद. सेल काढून नुसत्या पाण्याच्या धारेने धुवा, बऱ्याच खपल्या तेवढ्यानेच सुटतात. नाहीच सुटल्या तर प्लास्टिकच्या बादलीत चार भाग पाणी आणि त्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. पाण्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. सेलमध्ये हे पाणी गेलं की फसफसून फेस येतो. फेस थांबला की काढा. पंधरा मिनिटांच्या वर नको, ॲसिड लेपही खातं. वायरचं टोक कोरडं ठेवा. हातमोजे, चष्मा हवेतच, आणि काम उघड्यावर करा; मी एकदा बंद पंपघरात केलं, संध्याकाळपर्यंत खोकत होतो.

मूळ दुखणं मात्र पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्याचं. सेल चालतो तसा तो चढतो, मग कॅल्शियम बसतं. ७.२ ते ७.६ मध्ये धरा. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पाणी उडून जातं, आपण वरून पुन्हा बोअरचंच सोडतो, आणि क्षार तेवढे साठत राहतात.