मदत हवी आहे: पाचव्या आठवड्यानंतर लेकीचं वजन मंदावलंय, वरचं दूध द्यावं का?

माझी मुलगी ७ आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते. जन्माच्या वेळी ३.१ किलो होती, चौथ्या दिवशी २.८८ झाली. तेव्हाही घाबरले होते, पण पहिल्या काही दिवसांत तेवढं वजन उतरतं असं डॉक्टर म्हणाले, आणि चौदाव्या दिवशी ती ३.२ वर आली. पाचवा आठवडा संपताना ३.९५. आता, आणखी १४ दिवसांनी, ४.१३. म्हणजे दोन आठवड्यांत फक्त १८० ग्रॅम. याआधी रोजचे पस्तीसेक ग्रॅम वाढत होते, आता जेमतेम तेरा.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, लघवीची तपासणीही झाली, त्यात काही निघालं नाही. आठवडाभर थांबून पुन्हा वजन करू, मग वरच्या दुधाचं ठरवू, असं ते म्हणाले. घरी मात्र सगळे म्हणतात, "तुझं दूध पातळ आहे." हे ऐकलं की पाजताना रडूच येतं.

तिची शू दिवसातून सहा-सात वेळा होते, जागी असली की छान बघते, हसते. पिताना पाच मिनिटांत डोळे मिटते. एका बाजूला दहा मिनिटं झाली की मी घड्याळ बघून बाजू बदलते, तसंच करायचं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. गेल्या दोन आठवड्यांपासून रात्री सलग सहा तास झोपते, म्हणून मी उठवत नाही. पंपाने काढून पाहिलं तर दोन्ही मिळून ४० मिलीच निघालं. कुणाला असा अनुभव आहे का? वरचं सुरू करण्याआधी काय बघायला हवं?

उत्तर १
ताई, आधी एक: दूध "पातळ" नसतं. पाजायला सुरुवात होते तेव्हा ते पाण्यासारखं दिसतं, छाती रिकामी होत जाते तशी त्यातली चरबी वाढते. घड्याळ बघून बाजू बदलली की बाळाला त्या दाट दुधापर्यंत पोचायलाच मिळत नाही. एक बाजू तिची तिने सोडेपर्यंत पिऊ द्या, मगच दुसरी. गिळण्याचा आवाज येतोय का ते ऐका. नुसती चोखत असेल तर छाती हाताने हलकी दाबून धरा, पुन्हा गिळायला लागते. पंपात जास्त निघालं नाही म्हणून दूध कमी आहे असं नाही, बाळ पंपापेक्षा बरंच जास्त ओढू शकतं.

आणि वजन दोन्ही वेळा एकाच काट्यावर, कपडे काढून केलं होतं का? दोन काट्यांत शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो.

उत्तर २
मला तर रात्रीचे सहा तासच खटकतात. तिचं वजन मंदावणं आणि रात्री सलग झोपणं, दोन्ही एकाच वेळी सुरू झालेत. या वयात चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं असतं, आणि दूध जितकं ओढलं जातं तितकं बनतं. वजन पुन्हा नीट वाढेपर्यंत रात्री उठवून पाजा. लॅचही, म्हणजे बाळ छाती तोंडात कशी धरतं तेही, कुणा जाणकाराकडून प्रत्यक्ष बघून घ्या. माझ्या मुलाची जीभ खाली बांधलेली होती, ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं.

मात्र शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेनाच, तर आठवडा संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर म्हणाले तर वरचं दूध द्यायला लाजू नका. तेव्हाही छातीला लावत राहिलात तर अंगावरचं टिकतं.

धागाकर्ती
मनापासून आभार. काटे वेगळे होते! पाचव्या आठवड्याचं वजन दुसऱ्या ठिकाणी केलं होतं, म्हणजे तो आकडाच पक्का नाही. पण सात आठवड्यांना ४.१३ आहेच, तेव्हा रात्री दोनदा उठवायला सुरुवात केलीय. काल एकच बाजू बावीस मिनिटं प्यायली आणि स्वतःच सोडली. गिळण्याचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. रविवारी डॉक्टरांच्याच काट्यावर वजन आहे. तोपर्यंत अजून एक विचारते, जागं ठेवायला डायपर बदलून बघितलं, पण पुन्हा लगेच झोपते, तुम्ही काय करत होतात?