खेळणी आणि गेमिंगचे शेअर: पात्रांची मालकी ही एक कसोटी पुरेशी आहे का?

ताळेबंद

मत आधीच ठामपणे मांडतो. खेळणी, गेमिंग किंवा छंदाच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यायचा तर पहिला प्रश्न असा: ज्या पात्रांच्या जिवावर माल खपतो ती पात्रं कंपनीची स्वतःची आहेत की भाड्याची? भाड्याची असतील तर भाव कितीही पडलेला असो, त्या वाटेला जाऊ नये.

गेम्स वर्कशॉप बघा. वॉरहॅमर खेळाचे छोटे प्लास्टिकचे सैनिक बनवणारी ही नॉटिंगहॅमची कंपनी. विश्व स्वतःचं, साचे स्वतःचे, कारखाना नॉटिंगहॅमलाच, शिवाय जगभर स्वतःची साडेपाचशेहून जास्त दुकानं. जून 2025 च्या सुरुवातीला संपलेल्या वर्षात मुख्य व्यवसायाची विक्री 56.5 कोटी पौंड, लायसन्सचं (आपली पात्रं इतरांना वापरायला देऊन मिळणारं) उत्पन्न 5.25 कोटी, करपूर्व नफा 26.28 कोटी. म्हणजे शंभरातले 42 पौंड नफा. प्लास्टिक विकून!

आता अमेरिकेची फंको. मोठ्या डोक्याच्या त्या बाहुल्या. जवळजवळ सगळी पात्रं दुसऱ्यांची, त्यामुळे विक्रीतले सुमारे 15-16 टक्के रॉयल्टीतच, म्हणजे पात्रांच्या भाड्यातच, जातात. 2022 च्या अखेरीस गोदामं इतकी तुंबली की 3 ते 3.6 कोटी डॉलरचा माल चक्क नष्ट करायचा निर्णय मार्च 2023 मध्ये जाहीर करावा लागला. ठेवण्याचं भाडं मालापेक्षा महाग पडत होतं. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला होता.

फासेवाला

ताळेबंद साहेब, आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मालकी असूनही पैसे घालवता येतात आणि त्याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेची खेळणी कंपनी हॅस्ब्रो आहे.

मोनोपॉली त्यांची, ट्रान्सफॉर्मर्स त्यांचे, मॅजिक पत्त्यांचा खेळ त्यांचा. तरीही 2019 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलर मोजून एंटरटेनमेंट वन ही चित्रपट-मालिका आणि पेपा पिग कार्टूनवाली कंपनी घेतली. पेपा पिग स्वतःकडे ठेवून चित्रपट-मालिकांचा धंदा 2023 च्या शेवटी लायन्सगेटला साधारण 50 कोटी डॉलरला विकला. त्या वर्षीचा निव्वळ तोटा जवळपास दीड अब्ज डॉलर. पात्रं स्वतःची होती, चूक भांडवल कुठे लावायचं यात झाली. तुमच्या कसोटीत ही चूक कुठेच पकडली जात नाही.

दुसरं, स्वतःचं पात्र स्वतःच पिळून काढता येतं. नोव्हेंबर 2022 मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकांनी हॅस्ब्रोच्या शेअरचा दर्जा उतरवला. कारण मॅजिकचे संच गरजेपेक्षा जास्त छापले जात होते. त्याच सुमारास तिसाव्या वर्षाचा म्हणून 999 डॉलरचा संच बाजारात आणला, आणि त्यातले पत्ते अधिकृत स्पर्धांत चालणारही नव्हते. संग्राहकाला वाटतं आपले पत्ते किंमत टिकवतील. तो विश्वास गेला की पुढचा संच पडून राहतो. हे नुकसान ताळेबंदात दोन-तीन वर्षांनी दिसतं.

आणि गेम्स वर्कशॉपचंही पूर्ण सांगा. विक्रीचा निम्म्याहून अधिक भाग स्वतंत्र दुकानदारांकडून येतो, स्वतःच्या दुकानांतून नाही. 2001 नंतर लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या भाड्याच्या पात्रांवर विक्री फुगली, चित्रपट संपल्यावर ओसरली, आणि पुढची काही वर्षं कंपनी खर्च कापत बसली.

ताळेबंद

रिंग्जचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे! भाड्याचं पात्र आलं तिथेच पाय घसरला. बार्बीवाल्या मॅटेलचंही तेच. डिस्नेच्या राजकन्यांचं लायसन्स 2016 पासून हॅस्ब्रोकडे गेलं, मॅटेलच्या विक्रीत खड्डा पडला. 2017 मध्ये खेळण्यांची दुकानं चालवणारी टॉइज आर अस दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी मॅटेलनं लाभांश थांबवला. घरमालकानं नोटीस दिली की भाडेकरूला दुसरं काही हातात नसतं.

एंटरटेनमेंट वनचा मुद्दा मात्र मान्य. मालकी ही पहिली चाळण. दुसरी चाळण नफ्याचं काय करतात ही. गेम्स वर्कशॉप कर्ज घेत नाही आणि खरोखर जास्तीची रोकड उरली तेवढीच लाभांश म्हणून वाटते.

नोंदवही

दोघेही पात्रांवरच भांडताय, म्हणून न विकलेल्या मालाच्या साठ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. या क्षेत्रात शेअर पडण्याआधी बहुतेक वेळा तिथेच खूण सापडते.

फंकोची 2022 ची विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे 29 टक्के वाढली, वर्षअखेरचा साठा सुमारे 48 टक्के. ही दरी दिसायला हवी. पण बरेच जण 'साठ्याचे दिवस' काढतात: साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले 365. तसं केलं तर 2021 ला अंदाजे 94 आणि 2022 ला 101 दिवस येतात. सात दिवसांचा फरक, कुणाचंही लक्ष जाणार नाही. कारण भाजकही फुगलेला असतो: कंटेनरचं भाडं वाढलं, मालाचा खर्च वाढला, गुणोत्तर जागच्या जागी राहिलं.

म्हणून मी असं करायला सांगेन:

– दर तिमाहीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. सप्टेंबरअखेर साठा जास्त असणं रास्त आहे, कारण नाताळचा माल दुकानांत जायचा असतो. डिसेंबरअखेर जास्त असणं वाईट.

– दुकानदाराला गेलेला माल आणि दुकानातून गिऱ्हाइकानं नेलेला माल हे दोन वेगळे आकडे आहेत. कंपनी पहिल्यालाच विक्री म्हणते. वॉलमार्ट-टार्गेटसारख्या बड्या दुकानांच्या फडताळावर माल पडून असेल तर पुढच्या तिमाहीत नवी मागणी येतच नाही. निकालानंतरच्या चर्चेत व्यवस्थापन दुसऱ्या आकड्याबद्दल गप्प राहिलं तर सावध व्हा.

– विक्रीपेक्षा येणी (दुकानदारांकडून यायची उधारी) वेगानं वाढतायत का ते बघा. उधारीची मुदत वाढवून माल ढकलल्याचं ते लक्षण असू शकतं.

– लायसन्सच्या कंपनीत हिशेबाच्या टिपांमध्ये 'किमान हमी रॉयल्टी' शोधा. माल खपो न खपो, ती रक्कम द्यावीच लागते. चित्रपट आपटला की तोटा दोन्हीकडून: माल पडून आणि रॉयल्टी अंगावर.

कोरी पाटी

नोंदवही ताई, छान समजलं. पण हे सगळं परदेशी झालं. आपल्याकडच्या गेमिंगवाल्या नझाराला आणि कॅसिनोवाल्या डेल्टा कॉर्पला हीच चाळण लावायची का? नझाराचा आयपीओ (शेअरची पहिली सार्वजनिक विक्री) 1,101 ला होता आणि आता भाव त्यापेक्षा खूप खाली दिसतो, म्हणजे स्वस्त आहे का?

मांडवी

आधी भावाचा गैरसमज दूर करूया. मार्च 2021 चा 1,101 हा आकडा आजच्या भावाशी थेट ताडून चालणार नाही. 2022 ला एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक फुकट) झाला, सप्टेंबर 2025 मध्ये शेअरचं दोन भागांत विभाजन आणि पुन्हा एकास एक बोनस. तेव्हाच्या एका शेअरचे आज आठ. 1,101 भागिले 8, म्हणजे सुमारे 138 रुपये. तुलना या आकड्याशी करा.

आता चाळणीबद्दल. भारतात साठा आणि पात्रं दोन्ही दुय्यम आहेत, इथे पहिला धोका कायद्याचा. नझारानं 2024 मध्ये पोकरबाजी हा पैसे लावून खेळायचा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ चालवणाऱ्या मूनशाइनमधला सुमारे 47.7 टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, 800 कोटींच्या वर रक्कम गुंतवली. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेत दोन दिवसांत मंजूर झाला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मूनशाइन ही सहयोगी कंपनी (हिस्सा आहे, पण ताबा नाही) असल्यामुळे तिची विक्री नझाराच्या विक्रीत मिसळलेली नव्हती. फक्त विक्रीचा तक्ता वाचणाऱ्याला वाटलं, पोकरचा आपल्याशी संबंध नाही. पण गुंतवणूक ताळेबंदात होती, ती बुडीत धरावी लागलीच. म्हणून सहयोगी कंपन्यांची टीप वाचल्याशिवाय नझाराबद्दल मत बनवू नका.

डेल्टाचं पणजीत मांडवी नदीवर तरंगणारं साम्राज्य पर्यटकांना दिसतं, जीएसटीचं गणित दिसत नाही. समजा शंभर रुपयांच्या खेळात कॅसिनोकडे 15 उरतात. 28 टक्के त्या 15 वर लावले तर कर 4 रुपये 20 पैसे. पूर्ण शंभरावर लावले तर 28 रुपये, म्हणजे कमाईपेक्षा जास्त! सप्टेंबर 2023 मध्ये जुन्या वर्षांसाठी पूर्ण दर्शनी मूल्यावर मागणी करणारी 11,139 कोटींची नोटीस आली. ही रक्कम कंपनीच्या तेव्हाच्या बाजारमूल्याच्या दुपटीहून अधिक होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून आत येताना घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण मूल्यावर 28 टक्के, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. इथे पी/ई (भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट) कमी दिसतो म्हणून स्वस्त समजणं धोक्याचं आहे.

फासेवाला

मांडवी, अगदी पटलं. आणि खेळण्यांच्या बाजूनं भारतात निवड फारच तुटपुंजी. आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं, 2021 पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं, देशी कारखान्यांना वाव मिळाला. पण फनस्कूलसारखं ओळखीचं नावही बाजारात नोंदलेलं नाही. शुल्कवाढीची बातमी वाचून एखादा छोटा, रोज जेमतेम काहीशे शेअरची उलाढाल होणारा कागद उचलू नका. घेताना मिळतो, विकताना खरेदीदार सापडत नाही.

नोंदवही

म्हणून बरेच जण परदेशाकडे वळतात. त्यांच्यासाठी खर्चाचा हिशेब. एलआरएस या परदेशात पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) बँक कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. अमेरिकी लाभांशावर तिथे 25 टक्के कापले जातात, ब्रिटनमध्ये साध्या शेअरच्या लाभांशावर कपात नाही, मात्र खरेदीवर अर्धा टक्का मुद्रांक शुल्क आहे. 24 महिन्यांनंतर विकलं तर इथे 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर, अधिक उपकर. परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरताना आर्थिक वर्ष नव्हे, जानेवारी ते डिसेंबर धरायचं. इथे फार जण चुकतात. अमेरिकी शेअर 60,000 डॉलरच्या पुढे गेले तर वारसांना तिथला मृत्यूकरही लागू शकतो.

ताळेबंद

एवढं सगळं मान्य करूनही गेम्स वर्कशॉपबद्दल माझं मत कायम आहे.

फासेवाला

कंपनीबद्दल माझंही वाईट मत नाही, भावाबद्दल आहे. 26.28 कोटींमधून 25 टक्के कर वजा केला तर 19.7 कोटी. शेअर सुमारे 3.3 कोटी. म्हणजे शेअरमागे जवळपास 6 पौंड. 150 पौंडांना घेतला तर नफ्याच्या पंचवीस पट. 2016 च्या सुरुवातीला हाच शेअर पाच-सहा पौंडांच्या आसपास होता, तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. शिवाय 5.25 कोटींच्या लायसन्स उत्पन्नाला सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या स्पेस मरीन 2 या व्हिडिओ गेमचा मोठा हात लागला आहे. आदल्या वर्षी ते 3.1 कोटी होतं. लायसन्सला जवळपास खर्च नसतो, त्यामुळे वरचे 2.15 कोटी बहुतेक सरळ नफ्यातच गेले. ते वजा करून पुन्हा भागाकार करा, सत्तावीस पट येतं. तुम्ही कोणत्या नफ्यावर भाव मोजताय?

ताळेबंद

वजा करूनच मोजायला हवा, बरोबर. त्या हिशेबानं नवी खरेदी मी 120 पौंडांच्या खालीच सुचवेन.