जुनापाणीचे खळगे, आणि ‘हे परीक्षेला येणार का?’

वर्गशिक्षिका, मानेवाडा
आठवीच्या मुलांना नागपूरजवळ, काटोल रोडकडच्या जुनापाणीला नेलं. तिथे महापाषाण काळातली सुमारे ३०० शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे दगड, आहेत आणि काही दगडांवर माणसानं कोरलेले वाटीसारखे खळगे. एक मुलगी वाकून ते मोजत बसली. “मॅडम, हे काहून केले असतील?” संशोधकांनी दिशांशी, ताऱ्यांशी मेळ घालून पाहिलाय, पण पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही, हे मी खरंखरं सांगितलं. घरी येईपर्यंत वर्ग त्यावरच भांडत होता! दुसऱ्या दिवशी एका पालकांनी विचारलं, “हे परीक्षेला येणार का?” माझं मत: गाइडमध्ये उत्तर नसलेला एक प्रश्न दर आठवड्याला वर्गात यावा, बिनमार्कांचा.

पालक, दिघोरी
ताई, मीही हेच विचारलं असतं. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० मार्क, त्यात जुनापाणी नाही. मी ऑटो चालवतो. पैसेवाल्याच्या पोराचं एक वर्ष गेलं तं तो पुन्हा क्लास लावते. माह्या पोरीचं गेलं तं शिक्षणच थांबते.

निवृत्त शिक्षक, महाल
भाऊ, काळजी रास्त आहे. पण कुतूहल पैसेवाल्यांचंच, हे मला पटत नाही. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात जाऊन बघा. मनपा शाळांची मुलं स्ट्रॉ, बाटल्या, चुंबकं मांडून प्रयोग समजावतात. आपण उलट प्रश्न केला की थबकतात, पुन्हा करून बघतात. ते थबकणं मला पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा मोलाचं वाटतं.

दहावीची आई, प्रतापनगर
मेळावा वर्षातून एकदा, सर. बाकीचे दिवस मुलं जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात. आणि मॅडम, मार्क नसतील तर कुणी मनावर घेणार नाही. ५ तरी ठेवा.

वर्गशिक्षिका, मानेवाडा
५ मार्क ठेवले की चौकातल्या दुकानात तयार उत्तर मिळू लागेल. प्रकल्पांचं तेच झालंय, मी दरवर्षी एकसारखे थर्माकोल तपासते. मार्क नकोतच.

पालक, दिघोरी
गणिताचा तास तं नाही ना कापत?

वर्गशिक्षिका, मानेवाडा
नाही. शनिवारी शेवटची १० मिनिटं.

पालक, दिघोरी
मंग चालते. पण परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवा.

वर्गशिक्षिका, मानेवाडा
तेवढं ऐकणार नाही, भाऊ. त्या महिन्यात मुलं प्रश्न विचारायचीच थांबतात.