ग्रेड ३ आहे, पण ईआर किती टक्के?

एका ताईंनी विचारलंय, वहिनींचा स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट ग्रेड ३ आलाय, म्हणजे सगळं संपलं का? नाही हो. पेशी किती बेफाम वाढतायत ते ग्रेडवरून कळतं. ईआर, म्हणजे पेशीतला इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारा रिसेप्टर, पॉझिटिव्ह असेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा आधार मिळतो. तिन्ही रिसेप्टर (ईआर, प्रोजेस्टेरॉनचा पीआर आणि हर-२) निगेटिव्ह असतील तर पहिली तीनेक वर्षं जास्त जपायची. ईआर पॉझिटिव्हला सुरुवात सौम्य, पण दहा-पंधरा वर्षांनीही आजार उलटू शकतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्या मावशीचा इथलाच, सोलापुरातला रिपोर्ट 'ईआर निगेटिव्ह'. पुण्याच्या डॉक्टरांनी स्लाइड बघितली. गाठीशेजारच्या निरोगी दुधाच्या नलिकासुद्धा कोऱ्या! त्यांच्यात ईआर असतोच, त्यांना तपासणीचा रंग चढायलाच हवा होता. बायोप्सीचा तुकडा म्हणे फॉर्मॅलिनऐवजी (तुकडा टिकवणारं द्रावण) रात्रभर सलाईनमध्ये पडून होता. ऑपरेशननंतरच्या तुकड्यावर परत तपासलं, ईआर ६० टक्के. केमोनंतर टॅमॉक्सिफेन, ही हार्मोन रोखणारी गोळी, सुरू झाली.

म्हणून नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह विचारू नका, किती टक्के पेशींत ईआर आहे ते विचारा. १ टक्क्यालाही पॉझिटिव्ह लिहितात, पण १ ते १० मधल्यांचं वागणं बरंचसं निगेटिव्हसारखंच असतं. आणि परत तपासता यावं म्हणून तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, नुसता कागद नको.