खटल्याविना कैद, उपोषण आणि परदेशी 'तीव्र चिंता': उपयोग काय?

पंचगंगाकाठ
खटला न चालवता डांबलेल्या कैद्याने अन्न सोडलं की परराष्ट्र खाती 'तीव्र चिंता' व्यक्त करतात. पण कधी? इस्रायलनं खटल्याविना डांबलेल्या पॅलेस्टिनी खादर अदनान यांनी डिसेंबर 2011 मध्ये उपोषण सुरू केलं. युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरण प्रमुख कॅथरीन ॲश्टन यांचं निवेदन आलं तोवर साठ दिवस उलटून गेले होते. माझं म्हणणं, निवेदनात दया मागू नका, तारखा मागा. सुनावणी कधी, पुरावा वकिलाला कधी दाखवणार, बाहेरचा डॉक्टर आत कधी सोडणार?

संध्यामठ
आणि ते मागणारे हे कोण? सुरक्षेसाठी स्थानबद्धता (खटल्याविना कैद) युद्धकाळात नागरिकांच्या संरक्षणाच्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 78 लाच मान्य आहे. आपलं बघा. नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात 1979 साली सामील होताना भारताने मनमानी अटकेला मनाई करणाऱ्या कलम 9 ला, स्थानबद्धतेला वाव देणाऱ्या आपल्या संविधानाच्या कलम 22 ची अट लावली. एमपीडीएखाली (सराईत गुंडांना स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा) कोल्हापूरच्या कळंबा जेलात वर्षभर माणूस ठेवता येतो. उद्या एखाद्या दूतावासानं त्यावर पत्रक काढलं तर 'अंतर्गत बाब' म्हणून आपणच झटकणार की.

पंचगंगाकाठ
तुलना अर्धीच खरी, भावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला 12 दिवसांत शासनाची मंजुरी नाही तर तो संपला. तीन आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धता योग्य का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाकडे, सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल. मंडळासमोर वकील उभा करायचा हक्क नाही, हे वाईटच. पण गोपनीय साक्षीदारांची नावं झाकून का होईना, जबाबाचा मजकूर हातात पडतो. कोर्टात आदेश फसतात ते इथंच: कैद्याच्या अर्जावर निर्णयाला उशीर, त्याला कळणाऱ्या भाषेत कागद न देणं, शिळा गुन्हा उकरून काढणं. दाद मागायला ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. तिकडं इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत सहा महिन्यांचा आदेश कितीही वेळा वाढतो आणि गोपनीय पुरावा वकिलालाही दिसत नाही.

शिवाजीपेठ_एमडी
वकिली झाली असेल तर शरीराचं बोलू. पाणीही सोडलं तर माणूस काही दिवसांतच जातो; म्हणून रोज दीड-दोन लिटर पाणी आणि मीठ घेतो का, हे आधी विचारायचं. वजन 10 टक्के उतरलं की रोजची तपासणी हवी. बी-1 जीवनसत्त्व संपलं की डोळे हलेनात, तोल जातो, बुद्धीवर कायमचा घाला पडतो. उपोषण सुटल्यावरचे दिवसही तितकेच घातक. सलाईनमधून ग्लुकोज सोडण्याआधी बी-1 द्यायचं, आणि सुरुवात वजनाच्या किलोमागे दिवसाला 10 कॅलरींनी, फार खंगलेल्याला 5 नी. घाईनं ताट वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदय बंद पडतं. निवेदनं काढणाऱ्यांनी सुटकेनंतरच्या इस्पितळाचंही मागावं.

संध्यामठ
मग सरकारनं मरू द्यायचं? इस्रायलनं 2015 मध्ये कोर्टाच्या परवानगीनं जबरदस्तीनं अन्न देण्याचा कायदा केला. मणिपूरच्या इरोम शर्मिला 2016 मध्ये उपोषण सोडेपर्यंत नाकातल्या नळीवरच जगल्या.

शिवाजीपेठ_एमडी
आणि लाहोर तुरुंगात जतीन दास? झटापटीत नळीतलं दूध फुप्फुसात गेलं. 1929 साली, 63 व्या दिवशी गेले. शुद्धीत दिलेला नकार डॉक्टरनं मोडू नये, असं जागतिक वैद्यक संघटनेचा माल्टा जाहीरनामा सांगतो. तो नकार एकांतात विचारून घ्यायचा, जेलर खोलीत नको.

पंचगंगाकाठ
अदनान यांच्या 2012 च्या त्या प्रकरणात सुनावणी 21 फेब्रुवारीवर अलीकडे आली, मुदत न वाढवण्याचं ठरलं, त्याच दिवशी उपोषण सुटलं आणि 17 एप्रिलला माणूस बाहेर.

संध्यामठ
ते इस्रायली सुप्रीम कोर्टाच्या तारखेमुळं, ॲश्टनबाईंच्या पत्रकामुळं नव्हे. 2023 मध्ये अदनान यांनी पुन्हा उपोषण केलं तेव्हा तर आरोपपत्र होतं, तरी 86 दिवसांनी ते तुरुंगातच वारले. तिथं कुठली तारीख मागणार होता?

पंचगंगाकाठ
जामिनाची.